अब्बांच्या फोटोवरचा अंगठा

जूनचा दुसरा आठवडा होता. फजरच्या अजानला अजून पाच-सात मिनिटं होती. मी गॅसवर चहाचं आधण ठेवलं होतं, तेवढ्यात अम्मीने आतून हाक मारली. तिचा आवाज ऐकून मी पातेलं तसंच टाकून धावले. वुजू करून ती पलंगाच्या कडेला बसली होती आणि अब्बांचा फोटो माझ्यापासून लपवल्यासारखा ओढणीत धरला होता. "बेटा, मेरे हाथ से क्या हो गया देख," एवढंच म्हणाली.

फोटोत अब्बांच्या गालावर एक अंगठा उमटला होता. काळ्या-पांढऱ्या फोटोत तेवढाच भाग जांभळा-निळा झाला होता, आणि तो रंग हनुवटीवरून खाली त्यांच्या हातातल्या कलमापर्यंत ओघळला होता. वुजूचा हात नीट कोरडा झाला नव्हता. अम्मीला वाटलं, आपण गुन्हा केला. खरं तर गुन्हा माझा होता, कारण तो प्रिंट घरच्या प्रिंटरवर मीच काढला होता. "ये पक्का है, कुछ नहीं होता," असंही मीच तिला सांगितलं होतं.

फोटोवर मारायच्या संरक्षक स्प्रेच्या मागे मी सहा महिने कशी लागले, त्याची ही गोष्ट आहे. तुम्ही म्हणाल, एवढं काय, फ्रेम करून भिंतीवर टांगायचा. काच हे फोटोचं उत्तम संरक्षण आहे, हे मलाही मान्य आहे. पण आमच्या घरात अम्मी नमाज पढते त्या भिंतीवर तसवीर लागत नाही. जिथे तसवीर टांगलेली असते तिथे रहमतचे फरिश्ते येत नाहीत, हे ती लहानपणापासून ऐकत आली आहे. पासपोर्टला, आधारला, हजच्या अर्जाला फोटो चालतो, मग भिंतीवर का नाही, असा वाद मी कॉलेजात असताना घातला होता. आता घालत नाही. अम्मीने तिच्यापुरता रस्ता काढला आहे: फोटो भिंतीवर नको, डब्यात चालेल. म्हणून आमच्याकडचे फोटो डब्यात राहतात, हातात येतात, या हातातून त्या हातात जातात. काचेमागच्या फोटोला फक्त उजेड सोसायचा असतो. आमच्या फोटोंना बोटं सोसायची असतात.

अब्बा कातिब होते. भेंडीबाजाराच्या बाजूला एका उर्दू दैनिकात त्यांनी तीस वर्षं किताबत केली. रात्रपाळीला बसून ते बोरूने बातम्या लिहीत, त्या लिहिलेल्या कागदाचा फोटो घेऊन प्लेट बने आणि सकाळी अब्बांचं अक्षर स्टॉलवर विकायला येई. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरवर नस्तालीक लिहिता येऊ लागलं आणि कातिबांची खुर्ची गेली. अब्बांनी तक्रार केली नाही. त्यांनी लिहिलेले मथळे, लग्नाच्या पत्रिकांचे नमुने, कुरआनातल्या आयतींच्या वसल्या असं सगळं एका पत्र्याच्या पेटीत ठेवलं. आम्ही तेव्हा कुर्ल्याला तळमजल्यावर राहत होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, मिठी नदी घरात आली आणि पेटी दोन दिवस पाण्याखाली राहिली. उघडली तेव्हा आत राखाडी लगदा होता. अब्बा तो लगदा बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "स्याही थी, पानी में गई." सहा वर्षांनी त्यांचा इंतकाल झाला.

या फोटोची एक प्रत खुलताबादला खालाकडे होती, म्हणून वाचली. दैनिकाच्या फोटोग्राफरने ऐंशीच्या दशकात काढलेला, पोस्टकार्डाएवढा. अब्बा उतरत्या पाटावर वाकलेले आहेत, हातात कलम आहे, समोरच्या कागदावर अर्धा शब्द लिहून झाला आहे. त्यांच्या हाताने लिहिलेलं आता एवढंच उरलंय, फोटोतला तो अर्धा शब्द. खालाने फोटो मला दिला. अम्मी म्हणाली, "असली सँभाल के रख, मेरे को हाथ में पकड़ने को एक दे दे." म्हणून मी तो ६०० डीपीआयवर स्कॅन केला आणि घरी वर्कशीट छापते त्याच प्रिंटरवर, चकचकीत फोटो पेपरवर छापला.

हा प्रिंटर पक्का आहे असं मला का वाटलं, तेही सांगते. त्यावर छापलेल्या माझ्या प्रश्नपत्रिकांवर पाणी सांडलं तरी अक्षर फुटत नाही. मला काय ठाऊक की साध्या कागदावर अक्षरं छापणारी काळी शाई वेगळी असते. अशा बऱ्याच घरगुती प्रिंटरांत ती काळी पिगमेंटची असते आणि बाकी तीन रंग डायचे. फोटो पेपरवर तो प्रिंटर पिगमेंटची काळी वापरतच नाही. निळा, किरमिजी आणि पिवळा मिसळून काळा तयार करतो. म्हणून अम्मीचा ओला अंगठा लागताच काळ्यातून जांभळा बाहेर आला.

वर्गात मी हे दोन ग्लास पाणी घेऊन दाखवलं. एकात चहाची पूड टाकून गाळून घेतली, दुसऱ्यात खडूची भुकटी ढवळली. चहाचा रंग पाण्यात विरघळला आहे, तो कागदात मुरतो, तसा पाण्याबरोबर परतही निघतो. ही झाली डाय. खडू विरघळत नाही, त्याचे कण कागदावर बसून राहतात. हे पिगमेंट. डायचा रंग उठावदार दिसतो, पण उजेडाला आणि हवेला लवकर शरण जातो. पिगमेंट उजेडात टिकतं, पाण्यालाही बरंच दाद देत नाही, पण कण वर बसलेले असल्याने घासलं की निघू शकतं. एका मुलीने विचारलं, "टीचर, मग तख्तीवरची शाई कुठली?" प्रश्न नेमका होता. कातिबांची जुनी शाई म्हणजे काजळी आणि बाभळीचा डिंक. काजळी पिगमेंटच, शेकडो वर्षं उजेडात काळीच राहते. पण डिंक पाण्यात सुटतो. अब्बांच्या पेटीचं जे झालं ते त्यामुळे. उजेडापासून वाचणं आणि पाण्यापासून वाचणं हे दोन वेगळे धडे आहेत, हे मला पंधरा वर्षांनी माझ्याच वर्गात समजलं.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, लॅमिनेशन कर. शाळेतले चित्रकलेचे सर म्हणाले, फिक्सेटिव्ह मार. मावसभाचा म्हणाला, हेअरस्प्रे मार, सगळे तेच करतात. हार्डवेअरवाला म्हणाला, "ताई, हा क्लिअर मारा, दरवाजाला पण चालतो, फोटोला का नाही चालणार?" शारजाहून भाईजान म्हणाला, तिकडे चांगला स्प्रे मिळतो, मी घेऊन येतो. विमानतळावर त्याला कळलं की ज्वालाग्राही स्प्रेचे असे डबे ना हातातल्या बॅगेत चालत ना सामानात. डबा तिथेच राहिला.

लॅमिनेशनचा एक प्रिंट करून पाहिला. अम्मीने हातात घेतला, अंगठा फिरवला आणि परत दिला. "ये तो राशन कार्ड लग रहा है." मुद्दा फक्त तिच्या आवडीचा नव्हता. गरम लॅमिनेशन एकदा केलं की सोडवता येत नाही, आणि कडेला जरा जरी फट राहिली तरी आत गेलेला दमटपणा बाहेर येत नाही. आमच्या शाळेतली जुनी लॅमिनेट केलेली ओळखपत्रं कडेने कशी उघडतात, ते मी रोज बघते.

बीएडला आम्हाला शिकवलं होतं, सांगून पटत नसेल तर करून दाखवा. मी अब्बांच्या त्याच फोटोच्या पट्ट्या छापल्या, प्रत्येकीत थोडा पांढरा, थोडा करडा, थोडा गडद काळा येईल अशा. अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणि जवळच्या दुकानांतून स्प्रे गोळा केले. प्रत्येक पट्टीवर एक लेप, पाठीवर नंबर. चार परीक्षा ठरवल्या: एक थेंब पाणी एक मिनिट ठेवायचं, ओला अंगठा तीनदा फिरवायचा, प्लास्टिकच्या पाकिटात घालून रात्रभर पुस्तकांखाली दाबायचं आणि अर्धी पट्टी जाड कागदाने झाकून खिडकीत लावायची.

हेअरस्प्रे पहिल्याच परीक्षेत नापास झाला. पट्टी चिकट राहिली, तिच्यावर कापसाची तुसं बसली, पाण्याचा थेंब पडला तिथे पांढरा डाग आला. तो केसांसाठी, धुतल्यावर निघून जावा म्हणूनच बनवलेला असतो. चित्रकलेचं फिक्सेटिव्ह प्रामाणिक निघालं, पण त्याचं काम वेगळं. कोळशाची किंवा पेस्टलची पूड कागदाला धरून ठेवायची, एवढाच त्याचा पातळ थर. पाणी त्यातून सरळ आत गेलं. हार्डवेअरच्या क्लिअर लॅकरने पाणी अडवलं, पण थर जाड बसला, वास आठवडाभर गेला नाही आणि प्लास्टिकच्या पाकिटाला पट्टी चिकटली ती चिकटलीच. शिवाय नायट्रोसेल्युलोजचं लॅकर काळाने पिवळं पडतं. दरवाजावर ते चालेल, अब्बांच्या सफेद टोपीवर नाही.

हस्तकलेच्या दुकानातला अ‍ॅक्रिलिकचा पारदर्शक स्प्रे यांच्यात बरा ठरला. थेंब मोत्यासारखा उभा राहिला. त्यात दोन प्रकार होते, चकचकीत आणि मॅट. मॅट मला आधी आवडला, कारण ट्यूबलाइटची चमक येत नाही. पण दोन हात मारल्यावर अब्बांच्या शेरवानीचा काळा रंग राखेसारखा दिसू लागला. मॅट स्प्रेमध्ये प्रकाश विखुरणारे बारीक कण असतात, थर वाढले की तेच धुकं बनतं. चकचकीत स्प्रे उलट काळा अधिक काळा करतो, पण प्रत्येक बोटाचा ठसा दाखवतो.

एवढं कळल्यावर मला घाई झाली. जुलैतल्या एका रविवारी पाऊस थांबलेला बघून मी नवा प्रिंट काढला, तासाभरात बाल्कनीत वर्तमानपत्रावर ठेवला आणि अ‍ॅक्रिलिक स्प्रे मारला. पाच मिनिटांत अब्बांच्या चेहऱ्यावर दुधाची साय आल्यासारखा पांढुरका थर धरला. पुसून जाईना. वर आणखी एक हात मारला, तर अजून पांढरं.

कारण नंतर समजलं. स्प्रेमधलं द्रावण झपाट्याने उडून जातं आणि उडताना पृष्ठभाग गार करतं, इंजेक्शनच्या आधी स्पिरिट लावल्यावर दंड गार लागतो तसं. मुंबईत पावसाळ्यात हवा पाण्याने भरलेली असते, ते पाणी त्या गार थरावर बसतं आणि लेपात अडकतं. त्यात माझी दुसरी चूक: प्रिंट हाताला कोरडा लागला तरी शाईतली सावकाश उडणारी द्रव्यं आत होती. त्यांना किमान एक दिवस द्यायला हवा होता.

पण त्या रविवारची खरी चूक वेगळीच होती. बाल्कनीचं दार उघडं होतं आणि वारा आत येत होता. अम्मीला दमा आहे. रात्री तिला खोकल्याची उबळ आली ती थांबेना, पंप दोनदा घ्यावा लागला. तिने एकदाही स्प्रेचं नाव काढलं नाही. मी मात्र तिच्या पाठीवर हात फिरवत बसले होते आणि विचार करत होते, हिला अब्बा हातात धरता यावेत म्हणून मी हिचा श्वास कोंडला. हे द्रावण फुप्फुसांना वाईट आणि ज्वाळेला फार जवळचं. बाल्कनीला लागून आमचं स्वयंपाकघर आहे आणि मी गॅस बंद केला होता की नाही, हे मला आजही आठवत नाही. सगळे डबे मी दुसऱ्या दिवशी अम्मीच्या खोलीपासून लांब, सावलीत ठेवले आणि दिवाळीपर्यंत हात लावला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घाटकोपरहून मेट्रो धरून अंधेरीला गेले. मधे एमआयडीसीचा भाग लागतो. दांडेकर बंधूंनी १९३१ साली घोडा छाप शाईच्या पुडीने सुरू केलेल्या कॅम्लिनचं ऑफिस तिथेच. माझ्या पिढीची बोटं त्यांच्या शाईने निळी झाली आहेत, आणि ती शाई शर्टावर पडली की जात नसे, पण वहीवर पाणी पडलं की लगेच जात असे. शाईचा हा स्वभाव आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतो, फक्त प्रिंटर आला की आपण तो विसरतो.

अंधेरी पश्चिमेला फोटो आणि चित्रांचे प्रिंट काढून देणारी एक छोटी जागा आहे. चालवणारे मराठी गृहस्थ साठीचे, पूर्वी डार्करूममध्ये काम केलेले. मी माझ्या पट्ट्या टेबलावर मांडल्या. त्यांनी एकेक उचलून खिडकीशी धरून पाहिली. खिडकीत लावलेली, लेप नसलेली पट्टी उघड्या भागात स्पष्ट फिकी आणि तांबूस झाली होती. लेपाची पट्टी कमी, पण तीही बदलली होती. ते म्हणाले, "मॅडम, मेहनत केलीत. पण तुम्ही शेवटापासून सुरुवात केली. कच्च्या प्रिंटला कोट मारून तो पक्का होत नाही."

त्यांनीच मला समजावलं की चकचकीत फोटो पेपर हाताला गुळगुळीत लागला तरी बहुतेक वेळा तो सूक्ष्म छिद्रांचा असतो. म्हणून तर शाई क्षणात सुकते. पण त्याच छिद्रांतून हवा आत जाते. २००० साली एप्सनच्या स्टायलस फोटो ८७० आणि १२७० या प्रिंटरांचे फोटो अनेकांच्या घरी थोड्याच दिवसांत नारिंगी पडले होते. उजेडाला टिकतील अशी खात्री असलेले प्रिंट असे का होतात, हे आधी कुणाला कळेना. शेवटी बोट हवेतल्या ओझोनकडे गेलं. तो निळसर डाय खाऊन टाकत होता, मागे नारिंगी उरत होता. स्प्रेचं मोठं काम इथे आहे, ती छिद्रं बंद करणं. डब्यावर अतिनील किरणांबद्दल मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, त्याचा थोडा आधार मिळतो. पण केसाहून पातळ थराची उन्हात छत्री होत नाही.

मग निवड सोपी झाली. आधी शाई: पिगमेंट. मग कागद: कापसाचा, मॅट, जाड. मग स्प्रे: इंकजेट प्रिंटसाठीच बनवलेला. असे दोन-तीन प्रकार भारतात मागवता येतात. त्यांच्याकडे हानेम्यूले या जर्मन कागद कारखान्याचा डबा होता, हा कारखाना १५८४ पासून कागद बनवतो आहे. मॅट कापसी कागदावर पिगमेंटचा गडद काळा नखानेही खरवडतो, त्यामुळे हातात फिरणाऱ्या प्रिंटला लेप हवाच. डबा स्वस्त नव्हता. पण आतापर्यंत आणलेल्या स्वस्त डब्यांची बेरीज केली तेव्हा मी गप्प बसले.

प्रिंट घरी आणला. लेप न मारताच आधी अम्मीच्या हातात दिला. तिने फोटो बघितला नाही, कागद चाचपला. मग हसली. "ये तो कागजीपुरे का कागज है!" अम्मीचं माहेर खुलताबादचं, आणि दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरचं कागजीपुरा हे हातकागद बनवणाऱ्या कागजी लोकांचं गाव. तुघलकाच्या काळापासून तिथे कागद बनतो असं म्हणतात. लहानपणी ती मामूबरोबर तिथे जात असे. कागदाला खळ लावून वाळवायचा आणि मग दगडाने घोटून घोटून गुळगुळीत करायचा, हे तिने पाहिलं होतं. अब्बा त्या खळीला आहार म्हणत. स्टार्च किंवा अंड्याचा पांढरा बलक आणि तुरटी यांचा लेप, वरून अकीकाच्या दगडाचा घोटा. मराठीत आहार म्हणजे जेवण, म्हणून लहानपणी मी विचारायची, कागद जेवतो का? अब्बा म्हणत, "जेवलेला कागद शाई पीत नाही." शाई आत मुरत नाही, वर राहते, कलम अडखळत नाही, चूक झाली तर ओल्या बोटाने पुसता येते. म्हणजे लेप आधी आणि लिहिणं नंतर. आपल्या इंकजेट कागदावरही शाई झेलणारा लेप आधीच असतो. स्प्रे हा वरचा दुसरा.

आणि वरचा लेपही काही आजचा नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्या पिढीत काचेवर कलोडियनची निगेटिव्ह बनवायची पद्धत होती, आणि तो नाजूक पडदा वाचावा म्हणून तिच्यावर वार्निश चढवत, सँडरॅक नावाच्या राळेचं किंवा लाखेचं. लाख तर आपल्याच देशातल्या झाडांवरची. काच हलकेच तापवून वार्निश ओतायचं, एका कोपऱ्यातून बाटलीत परत काढायचं. थर जाड झाला तर काम बिघडलं, हा नियम तेव्हाही तोच.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हवा कोरडी झाली. प्रिंट दोन दिवस मोकळा ठेवला होता. वॉचमनला सांगून दुपारी गच्चीवर गेले. अम्मी खाली, दारं-खिडक्या बंद. तोंडावर रुमाल नव्हे, रसायनांच्या वाफेसाठी असतो तो फिल्टरचा मास्क. तीन बाजूंनी पुठ्ठ्याचा आडोसा, म्हणजे धूळ आणि वारा नको, पण वाफ वर जाईल. डबा दोन मिनिटं हलवला. पहिला फवारा रद्दीवर, कारण पहिल्या फवाऱ्यात थेंब पडतात. मग प्रिंटच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा, एक वीत-दीड वीत अंतरावरून, हात थांबवायचा नाही. पहिला हात आडवा, दहा मिनिटांनी दुसरा उभा, मग तिसरा पुन्हा आडवा. प्रत्येक हात इतका पातळ की मारला की नाही अशी शंका यावी. जुलैत मला ही शंका सहन झाली नव्हती, म्हणून मी थापला होता. मग एक पूर्ण दिवस वाळवण, गच्चीच्या खोलीत, वास जाईपर्यंत.

पट्टीवर पुन्हा परीक्षा घेतली. थेंब उभा राहिला. ओला अंगठा फिरला, काही उठलं नाही. हौसेने एक पट्टी पाण्याच्या ग्लासात टाकली, तर कडेने आणि पाठीने पाणी शिरून कागद फुगला. तेव्हा स्वतःला बजावलं की हा लेप पुरासाठी नाही, ओल्या हातासाठी आहे. पेटी तळमजल्यावर ठेवली तर तीही वाचणार नाही.

म्हणून जे लेपाने होत नाही ते वेगळं केलं. खालाने दिलेला मूळ फोटो मी कधीही फवारणार नाही. जुन्या फोटोवर मारलेला लेप काढता येत नाही, आणि तुम्हीही तुमच्या घरातल्या जुन्या फोटोंवर तो मारू नका. मूळ फोटो आम्लविरहित कागदात गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. चिकट पानांच्या अल्बममध्ये नाही आणि पीव्हीसीच्या पाकिटातही नाही. स्कॅनची फाइल तीन ठिकाणी आहे, त्यातली एक भाईजानकडे शारजाला.

नवा फोटो अम्मीला दिला. तिने ओढणीला हात पुसले, मग थांबली आणि मुद्दाम जाऊन वुजू करून आली. ओला अंगठा अब्बांच्या गालावर ठेवून माझ्याकडे बघत राहिली. काही झालं नाही. दोघी हसलो. मग तिने डब्यातून तो जुना, जांभळा ओघळ आलेला प्रिंट काढला. "इसपे भी मार दे." मी म्हटलं, अम्मी, हा खराब झालाय, लेप मारला तर डागही तसाच राहील. म्हणाली, "वही तो बोल रही हूँ." मी आधी त्याच्या कोपऱ्यावर फवारून पाहिलं, रंग हलला नाही. मग तोही गच्चीवर नेला.

एक गोष्ट राहिली. फवारण्याआधी नव्या प्रिंटच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने मी अब्बांचं नाव, काम, साल आणि जागा लिहिली होती. बॉलपेनचा ठसा पुढे उमटतो आणि शाई उतरते, म्हणून पेन्सिल. वर उर्दूत लिहिलं, खाली मराठीत. माझी मुलगी आठवीत आहे, इंग्रजी माध्यमात. तिने फोटो उलटा करून खालची ओळ वाचली आणि विचारलं, "मम्मी, वरच्या ओळीत काय लिहिलंय?"

"तेच, जे खाली लिहिलंय."

"मग दोनदा कशाला?"

वर्गात मी पन्नास मुलांना अलिफ-बे शिकवते. घरी कातिबाच्या नातीला ती ओळ वाचता येत नाही, आणि यासाठी कुठलाही डबा कुठल्याही दुकानात मिळत नाही. त्या रविवारी मी अब्बांची नव्हे, बाजारातून आणलेली साधी तख्ती काढली, मुलतानी माती भिजवली आणि तिच्या हातात फडकं दिलं. "आधी लेप," मी म्हटलं. "लिहायचं ते वाळल्यावर."